सोंड वामनकाकांची

वामनकाका गेल्याची बातमी मला बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. फोटो कुठल्यातरी लग्नातला होता. डोक्याला फेटा, चेहऱ्यावर जबरदस्तीने उभं केल्यासारखं हसू आणि खाली जोडलेल्या हातांच्या रांगा. त्या वेळी माझ्यासमोर उरणचे एक गृहस्थ पणजोबांच्या वेळची चांदीची गुलाबदाणी घेऊन बसले होते आणि आमची घासाघीस ऐन रंगात आली होती. मी फोन पालथा ठेवला. सौदा पूर्ण केला, माझ्या भावात केला, गृहस्थांना चहा पाजला आणि ते पायऱ्या उतरून गेल्यावर फोन परत सुलटा केला… फोटो तिथेच होता. माणूस गेला की हातातलं सगळं गळून पडलं असं लोक लिहितात. माझ्या हातातून काही पडलं नाही. सहा वर्षं मी त्या माणसाशी धड बोलले नव्हते, आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको.

वामन पेडणेकर हे नाव पनवेलमध्ये फार जणांना ठाऊक नसेल. तळ्यामागच्या आळीत, घराच्या पुढच्या खोलीत ते जुनी चांदी दुरुस्त करायचे. पाटी नव्हती. मी जुनी चांदी विकते. साहेबांच्या अमदानीत आपल्या कारागिरांनी साहेबांसाठी घडवलेल्या किटल्या, ट्रे, दुधाची भांडी, अत्तरदाण्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माझ्याकडून कुणी असं काही घेतलं असेल आणि ते आजही धड असेल, तर ते वामनकाकांच्या हातून गेलेलं आहे एवढं नक्की समजा. मात्र मी या धंद्यात आले तीच त्यांच्यामुळे, आणि तेही मासळी विकता विकता.

माझं माहेर करंज्याचं. बंदरावर लिलावात उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये मी वाढले. भाव पाडायचा कसा, चढवायचा कसा, आणि कधी पदर खोचून भांडायचं, हे मला अक्षरांच्या आधी आलं. लग्न होऊन पनवेलला आले आणि मार्केटात पाटी घेऊन बसायला लागले. काही जुन्या घरांत मासळी पोचवायचे. त्यातलं एक घर बेने इस्राएली कुटुंबाचं होतं. ते कुटुंब कायमचं इस्राएलला निघालं तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला एक काळंकुट्ट ताट दिलं. "जड आहे गं, मला नेववत नाही. तुझ्या कामाला येईल." कामाला आलं. त्या काळ्या ताटावर पांढरं पापलेट असं काही उठून दिसायचं की शेजारणी जळायच्या. दोन-तीन महिने मी त्यावर मासळी मांडत होते.

एक दिवस एक किडकिडीत माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला. चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने पापलेटाचे कल्ले उचलून बघितले नाहीत. पापलेट बाजूला सारलं आणि ताटाच्या काठावरून बोट फिरवायला लागला.

"मासली बघा ना शेट," मी म्हटलं. "ताट इकायला नाय."

"बाई, हे कुठून आणलंत?"

"चोरलेला नाय. दिलेला हाय."

"ही चांदी आहे."

"आनि मी राणी हाय!"

शेजारणी फिदीफिदी हसल्या. तो हसला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने एक कोपरा घासला, घासतच राहिला, आणि त्या काळ्यातून आधी एक पान वर आलं, मग वेल, मग वेलीवर बसलेला पक्षी. मग तो माझ्यावर भडकला. "रोज मिठाच्या पाण्यात बुडवताय हिला! मीठ चांदीला खातं, कळतं का? ज्यानं हे ठोकलं त्यानं महिनोन् महिने एका ताटावर घालवले असतील. उद्या यावर मासा दिसला तर बघा."

त्या दिवशी त्याने म्हटलं असतं, पापलेट घेतो, वर ते ताट टाका, तर मी टाकलं असतं. काळं भांडं द्यायला माझं काय जात होतं? बाजारातला दुसरा कुणीही असता तर त्याने तेच केलं असतं. आज मीसुद्धा तेच करीन, खोटं कशाला बोलू. वामनकाकांनी मात्र मी न विचारता मला खरं सांगितलं आणि पापलेट न घेताच निघून गेले.

ते ताट त्यांनीच साफ केलं, मिठाने पाडलेली भोकं बुजवली, आणि ते मी विकलं. मग दुसरी वस्तू शोधली. मासळीची पाटी सुटायला चार वर्षं लागली. आई करंज्याहून यायची आणि डोक्याला हात लावायची. "आगो, मासली संध्याकाली संपते. ही तुजी भांडी कदी संपायची?" पण मला घरोघर जाण्याची सवय होती, कुणाच्या माळ्यावर काय पडलंय हे मला बोलण्याबोलण्यात कळायचं, आणि भाव करायला मी कुणाच्या बापाला भीत नव्हते. राहिलं होतं ते ज्ञान. ते वामनकाकांच्या पुढच्या खोलीत, जमिनीवर बसून मिळालं. पानाला पान चिकटून सुई टोचायला जागा नाही असं दाट काम दिसलं की ते कच्छचं. किटलीवर रांगेने देव उभे असले तर मद्रासकडचं. मड्डमांना आपले देव चहाच्या भांड्यावर फार आवडायचे म्हणे. असं एक दुधाचं भांडं नवीन पनवेलच्या एका बाईंनी माझ्याकडून घेतलं आणि देवघरात तीर्थासाठी ठेवलं. मी काकांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. "बरं झालं," म्हणाले, "एवढी वर्षं बिचारे देव गोऱ्यांच्या दुधात उभे होते. आता घरी आले."

त्या खोलीला राळेचा वास असायचा. पोचा आलेलं भांडं दुरुस्त करायचं तर आधी त्यात वितळवलेली राळ भरायची, ती घट्ट झाली की बाहेरून हलक्या हाताने ठोके द्यायचे, म्हणजे पत्रा फाटत नाही. हे सगळेच कारागीर करतात. वामनकाकांचं वेगळं होतं ते त्यानंतरचं. वस्तू तयार झाली की ती ज्या कामासाठी घडवली ते काम तिच्याकडून एकदा करून घ्यायचं, त्याशिवाय ते ती हातावेगळी करत नसत. गुलाबदाणीत गुलाबपाणी भरून ते माझ्या अंगावर उडवायचे. ट्रेवर भरलेल्या कपबशा ठेवून खोलीत एक चक्कर मारायचे. आणि किटली असेल तर चूल पेटवून चक्क चहा करायचा, त्या किटलीत ओतायचा, आणि तिच्यातून आम्ही दोघांनी प्यायचा. मला घाई असायची. "काका, गिऱ्हाईक थांबलंय! कोण पिणार आहे यातून चहा? कपाटात ठेवतात लोक." ते फुंकर मारत म्हणायचे, "कपाटात ठेवायला ती तयार असली पाहिजे ना पण." त्यांच्या घरच्या चहात गवती चहा फार असायचा. मला आवडायचा नाही, तरी मी प्यायचे.

आता त्या किटलीचं सांगते.

महाडकडच्या एका जुन्या घरातून ती मला मिळाली. कच्छी काम, अंगभर झाडी, झाडीत हरणं, हरणांमागे वाघ, आणि झाकणावर पकडायला एक उभा हत्ती. हत्तीची सोंड तुटून गेली होती. तिच्या कानाला, म्हणजे धरायच्या मुठीला, वर आणि खाली अंगाशी जुळते तिथे एकेक पांढरी हाडाची चकती बसवलेली होती. काकांकडे नेण्याआधी मी ती एका जैन कुटुंबाला दाखवली. त्यांना सगळं पसंत पडलं. मग घरातल्या आजींनी त्या चकतीवर बोट ठेवून विचारलं, "हे हाड आहे का?" आणि किटली खाली ठेवून हात धुवायला गेल्या. मला राग आला तो त्यांचा नाही, चकत्यांचा आला. दोन दमडीच्या हाडापायी असा माल अडतो म्हणजे काय! मी दुसऱ्या एका कारागिराकडून त्या चकत्या काढून टाकल्या आणि कान सरळ चांदीला चांदी झाळून जोडून घेतला. दिसायला उलट साफ झाला. मग सोंडेसाठी किटली वामनकाकांकडे दिली. चकत्यांबद्दल काही बोलले नाही.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी बोलावलं. सोंड अशी काही झाली होती की हातात भिंग घेऊनही मला जोड सापडेना. सुरकुत्यासुद्धा उरलेल्या हत्तीसारख्या. काका खुशीत होते. चहा केला, किटलीत ओतला, कान धरून उचलली… आणि ओरडले. किटली सांडली नाही, तशीच खाली ठेवली, मग हात झटकला. तीन बोटांवर बघता बघता फोड आले.

"मंजुळाबाई, या कानातल्या चकत्या कुठे गेल्या?"

"कसल्या चकत्या?"

"माशाचे काटे काढावेत तशा ज्या काढून टाकल्यात त्या! त्या काय नक्षी म्हणून बसवल्या होत्या? चांदीइतकी तापणारी वस्तू दुसरी नाही. आतला ताप हातापर्यंत येऊ नये म्हणून मध्ये हाड घालतात."

"गिऱ्हाईक हाड घेत नाही, काका. आणि कपाटातली किटली तापते कधी?"

"मग तिला किटली कशाला म्हणता? मखरात बसवा, समोर हत्ती आहेच, आरती करा."

मी बोटांना बर्फ आणला, तेवढ्यावर मिटलं. निदान मला तसं वाटलं. किटली घेऊन मी दुकानात आले.

महिन्याभरात तिला गिऱ्हाईक आलं. मुंबईचे डॉक्टर पती-पत्नी, नेऱ्याला त्यांचं फार्महाउस. किटली बघताक्षणी बाईंचे डोळे चमकले. असे डोळे मी ओळखते. त्या दिवशी वामनकाका एक ट्रे परत द्यायला आले होते आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मी म्हणाले, "साहेबाच्या टेबलावरून उचलली तश्शी आहे मॅडम, कुणाचा हात लागलेला नाही." बाजारात हे असं बोलतात. काल धरलेली मासळीसुद्धा आम्ही आत्ताची म्हणतो, आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. डॉक्टर सहज म्हणून काकांकडे वळले. "आजोबा, तुम्ही जाणकार दिसता. सगळं ओरिजिनल आहे ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

"सोंड माझी आहे," काका म्हणाले.

"सॉरी?"

"हत्तीची सोंड. मूळची नव्हती, ती मी केली. बाकी अंग जुनं आहे." मग म्हणाले, "आणि चहा ओतलात तर कानाने हात भाजेल. ते काम मात्र माझं नाही."

डॉक्टर हसले, बाईंचं तोंड उतरलं, आणि विचार करून कळवतो असं म्हणून दोघं निघून गेले. त्यांची गाडी वळेपर्यंत मी दम धरला. मग शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल असं ओरडले. "तुमच्या हाताला मी काम दिलं, तोंडाला नाय! घ्या तुमची सोंड, आणि तिच्यामागचा हत्तीपण घ्या! परत या पायरीवर दिसायचं नाय!" किटली मी त्यांच्या मांडीवर आदळली. त्यांनी झाकण नीट बसलंय का बघितलं, पिशवीत घातली आणि गेले.

माझी तक्रार नीट समजून घ्या. गिऱ्हाईक गेलं, ते दुसरं येतं. पण सोंडेचं त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं, की कुणी विचारलं तर मी लपवणार नाही. मी त्यांना दुकानात बसवलं नसतं, एवढं सोपं होतं. आणि ते शेवटचं वाक्य… 'ते काम मात्र माझं नाही.' परक्या माणसांसमोर, माझ्याच दुकानात. मासळीची पाटी उतरवून इथपर्यंत आलेल्या बाईला ते कुठे लागलं असेल?

सहा वर्षं मी काम दुसऱ्यांना दिलं. एकाने कच्छी डबी यंत्रावर अशी चकाचक करून दिली की पानं-फुलं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी झाली. तेव्हा मला कुणाची आठवण आली ते लिहायला नको. पण गेले नाही. एकदाच, गेल्या दिवाळीच्या आसपास, भाजीबाजारात ते समोर आले. पिशवीतून गवती चहाची पाती डोकावत होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "मंजुळाबाई, किटली तयार आहे." मला वाटलं, टोमणा आहे. किटली पाच-सहा वर्षांपूर्वीच तयार झाली होती, आणि त्याचं काय झालं ते आळीने ऐकलं होतं. "माझी कुठली किटली?" असं म्हणून मी पुढे निघाले. ती आमची शेवटची भेट.

दिवसकार्याला मी गेले नाही. गर्दीत कुणी काही बोललं असतं आणि माझं तोंड सुटलं असतं. पुढे एका दुपारी गेले. नीता, त्यांची मुलगी, खारघरला बँकेत असते, खोली आवरायला रजा घेऊन आली होती. राळेची कढई कोरडी पडली होती. तिने मला पाणी दिलं आणि आतून किटली आणून समोर ठेवली. पिशवी तीच होती.

"मावशी, ही तुमची. बाबांनी बजावून ठेवलं होतं."

मी कान बघितला. झाळलेला जोड उघडून पुन्हा बसवला होता, आणि वर-खाली जिथे हाड होतं तिथे दोन काळसर तपकिरी चकत्या होत्या. गुळगुळीत, कडा चांदीबरोबर.

"करवंटी आहे," नीता म्हणाली. "आधी त्यांनी लाकूड लावून बघितलं, ते वाफेनं फुगलं. मग करवंट्या आणल्या. किती फुटल्या विचारू नका, महिनाभर आमच्याकडे रोज सोलकढी होती. म्हणायचे, मंजुळाबाईंचं गिऱ्हाईक हाड घेत नाही ना? नारळ तर देवालाही चालतो."

मी विचारलं, मग आणून का दिली नाही?

"आले होते ना. पायरीपर्यंत. तुम्ही आत कुणावर तरी ओरडत होतात. परत आले आणि म्हणाले, आज वारा चांगला नाही."

"मग दुसऱ्या दिवशी यायचं!"

"मावशी, दुसऱ्या दिवशी तुम्ही ओरडत नव्हता का?"

बापासारखीच आहे. पाहुण्यालाही सोडत नाही.

तिने सांगितलं की गेली चार वर्षं ते रोज सकाळी त्याच किटलीतून चहा प्यायचे. दुसऱ्याची वस्तू वापरताय, असं तिने एकदा टोकलं. तर म्हणाले, "वापरत नाहीये, तपासतोय. यावेळी मंजुळाबाईंच्या हातात देईन ती पक्की देईन."

किटली घेऊन मी चालत घरी आले. रिक्षा केली नाही, धक्का लागला असता. वाटेत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मार्केटात त्यांनी मला न विचारता खरं सांगितलं, तेव्हा ते देवमाणूस. दुकानात गिऱ्हाईकाला विचारल्यावर खरं सांगितलं, तेव्हा ते गद्दार. माणूस तोच होता आणि तोंडही तेच होतं. पहिल्या खऱ्याने माझं पोट भरलं, दुसऱ्याने माझं गिऱ्हाईक गेलं, एवढाच काय तो फरक. हे मला सहा वर्षांत एकदाही सुचलं नाही. तरीही म्हणते, त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं… आणि मी एकदा जायला हवं होतं. दोन्ही खरं आहे.

किटली आता दुकानात फळीवर आहे. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या, पनवेलच्याच, नव्या टॉवरमधल्या, चांगल्या जाणकार. किटली उचलून त्यांनी चहूबाजूंनी बघितली आणि नेहमीचा प्रश्न आला, "सगळं ओरिजिनल आहे?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणी नव्हतं. मी म्हणाले, "सोंड वामनकाकांची आहे. कानातल्या चकत्याही त्यांच्याच, करवंटीच्या. मूळच्या हाडाच्या होत्या, त्या मी काढून टाकल्या. ती माझी चूक. बाकी जुनं."

बाई खूश झाल्या. गिऱ्हाईकाच्या हाती असं काही लागलं की ते खूश होतं. "म्हणजे रिपेअर केलेली आहे. मग भाव खाली यायला हवा."

"नाही," मी म्हटलं. "सोंडेचे जास्त पडतील."

"अहो, नकली सोंडेचे जास्त?"

"तिला नकली म्हणू नका. वाटलं तर हत्तीला म्हणा."

बाई हसल्या, मान हलवली आणि उद्या येते म्हणून गेल्या. उद्या म्हणणारं गिऱ्हाईक येत नाही, हे मला मासळी विकत होते तेव्हापासून माहीत आहे. एरवी अशा वेळी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी शेगडीवर आधण ठेवलं. चहा केला, त्यात गवती चहा घातला, मला आवडत नाही तरी, आणि किटलीत ओतला. तापून तिचं अंग असं झालं की हात लावता येईना. मग कान धरला. करवंटीच्या दोन चकत्यांमध्ये बोटं ठेवली आणि तशीच उचलून धरली, बराच वेळ.

कान गार होता.